हरित गल्लीतला गोठा

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, मटण खायला जातात, गेला बाजार चपला आणायला तरी जातात. मी गेले ते एका न बांधलेल्या इमारतीची जागा तपासायला. परत आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, "तांबडा-पांढरा हाणलास की नाही?" हाणला. पण तेवढं सांगून विषय संपवावा असा हा प्रवास झाला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहिताना राग येतो आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी इमारतीचा नकाशा म्हणजे कागदावरच्या रेघा असत. आता आम्ही संगणकात अख्खी इमारत उभी करतो आणि तिच्यातल्या प्रत्येक वस्तूला तिची माहिती चिकटवून ठेवतो. भिंत नुसती भिंत नसते. ती किती जाड, कशाची, उन्हात किती तापते, हे तिला विचारलं की ती सांगते. याला बीआयएम म्हणतात. ऑफिसात आम्ही नुसतं मॉडेल म्हणतो. पहिली वीट ठेवायच्या आधीच कळतं की घरात वारा कुठून येईल, पावसाचं पाणी किती साठेल, सांडपाण्याचा पाइप कुठल्या तुळईला आडवा जाईल. हल्ली एकट्या इमारतीचं नाही, अख्ख्या गल्लीचं मॉडेल करतात आणि त्यावरून ती पर्यावरणाला किती जपणार याचे गुण मिळतात. कल्पना चांगली आहे. तिच्यावर मी अर्धं आयुष्य घातलं आहे. वाईट एवढंच, की जे मॉडेलमध्ये नाही ते जगातच नाही, असं हे काम करणाऱ्यांना हळूहळू वाटायला लागतं.

कोल्हापूरच्या एका पेठेतल्या जुन्या गवळ्यांच्या गल्लीचं मॉडेल आम्ही पुण्यात बसून केलं होतं. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. जुनी बैठी घरं पाडून तिथे एक मोठी इमारत, सगळ्यांना फ्लॅट, छतावर सौरपत्रे, तळात पावसाच्या पाण्याची टाकी, कोपऱ्यात बायोगॅस. नाव 'हरित गल्ली'. आमच्या सरांना त्यात सर्वांत वरचा दर्जा हवा होता. गल्लीतल्या घराघरातून संमतीच्या सह्या झाल्या होत्या, एक सोडून. ती एक सही आणि मॉडेलची शेवटची तपासणी, या दोन कामांसाठी मला पाठवलं.

गल्ली

स्टँडवर धनाजीराव घ्यायला आले होते. हे बिल्डरचे तिथले कारभारी. आडवे, हसरे, आवाज असा की शेजारच्या फलाटावरचा कंडक्टर वळून बघत होता.

"या पावणं! आधी मिसळ. काम काय कुठं पळून जात न्हाय."

पुण्यात आम्ही पाहुण्याला काय घेणार ते विचारतो आणि तो 'काही नको' म्हणायची वाट बघतो. कोल्हापुरात ताट आधी येतं, विचारपूस मागून. मिसळीबरोबर पाव नव्हता, स्लाइस ब्रेड होता, आणि कटाची वाटी रिकामी होण्याआधी भरली जात होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा धनाजीराव समाधानाने म्हणाले, "आता खरं कोल्हापुरात आलासा."

गल्लीत पोचले आणि पहिल्या वळणावरच थबकले. मॉडेलमध्ये जिथे मी स्वतःच्या हाताने बाकडी आणि फुलझाडं ठेवली होती, तिथे म्हशी बांधलेल्या होत्या. एकदोन नाहीत, गल्लीच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे गोठे, त्यांत काळ्याभोर, तेल लावल्यासारख्या चकाकणाऱ्या म्हशी, शिंगांना लाल-हिरवा रंग, आणि खालून वाहणारं शेणामुताचं पाणी. वासासकट एवढी मोठी गोष्ट आमच्या मॉडेलमधून निसटली कशी?

कशी ते मला लगेच कळलं आणि आणखी वाईट वाटलं. जागेची मोजणी करताना तिवईवर एक यंत्र ठेवतात. ते गरागरा फिरतं आणि लेझरने समोरचं सगळं मोजून घेतं. ते फिरत असताना जे हलतं, त्याचा नुसता धुरकट डाग उमटतो. माणसं, कुत्री, स्कूटरी, सगळ्यांचे डाग. ऑफिसातली मुलं मग ते डाग पुसून टाकतात. आम्ही याला साफसफाई म्हणतो आणि ज्याची साफसफाई उत्तम त्याचं कौतुक करतो. म्हशी कान हलवतात, शेपटी हलवतात, रवंथ करतात. त्या पुसल्या गेल्या. गोठ्यांचे पत्रे 'तात्पुरतं बांधकाम' म्हणून गेले. दगडी भिंती, विजेचे खांब आणि गल्लीतल्या तालमीची इमारत हलत नाहीत, म्हणून तेवढं राहिलं.

पुन्हा मोजावं म्हणून मी बरोबर आणलेलं यंत्र तिवईवर चढवलं, तोच मागून आवाज आला. "ए बाई, ती तोफ लांब ठेव. माझी म्हस गाभण हाय, बुजंल."

ज्यांची सही राहिली होती त्या या अक्का. साठीच्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेल्या, हातात शेणाची पाटी. मी यंत्र गुंडाळलं. गाभण म्हशीचं नाव चंद्रा; आज-उद्या व्यायची होती आणि अक्का दर थोड्या वेळाने तिच्या पाठीवरून हात फिरवून यायच्या.

"सहीला आलीस न्हवं? मी न्हाय म्हणतो," त्या म्हणाल्या. कोल्हापुरात बायकाही 'मी करतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात. पुण्याच्या कानाला ते आधी खटकतं, मग आवडायला लागतं. "पण दूध पिऊन जा."

दिवेलागणीला गल्लीच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकं जमली. बँकेतले साहेब, रिक्षावाले, तालमीतून आलेले लालबुंद पैलवान, सगळे एका रांगेत. अक्का त्यांच्यासमोर म्हैस पिळत आणि फेसासकट दूध थेट पेल्यात. उकळणं नाही, गाळणं जेमतेम. माणसं उभ्याउभ्या पितात, मिशीवरचा फेस पुसतात आणि जातात. पिशवीतल्या दुधाचं नाव काढलं तर तिथे हसतात. मीही एक मोठा पेला संपवला. ऊबदार, गोडसर, पहिल्यांदाच दुधाला चव असल्याचं कळलं. माझ्या पुणेरी पोटाला मात्र ते झेपलं नाही. तिथून लॉजवर जाईपर्यंत काय हाल झाले ते लिहीत नाही. धनाजीरावांनी जिरं-ओव्याची पुडी पाठवली आणि निरोप दिला, "म्याडमना म्हणावं, सवय हुईल."

लॉजवर पडल्यापडल्या मॉडेल उघडलं. कोपऱ्यातल्या बायोगॅसच्या संचावर बोट ठेवलं. किती घरांच्या चुली त्यावर चालणार, त्याचे किती गुण, सगळं व्यवस्थित भरलेलं. शेण कुठून येणार, या रकान्यात आमच्या कुणा मुलाने लिहिलं होतं: स्थानिक.

म्हशी पुसल्या होत्या आणि शेण ठेवलं होतं. हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

कागलचा रस्ता

दुसऱ्या दिवशी धनाजीरावांनी जीप काढली. गवळ्यांच्या म्हशींसाठी बिल्डरने कागलच्या अलीकडे हायवेलगत जागा घेतली होती, ती अक्कांना दाखवायची होती. अक्कांचा मुलगा प्रकाशही आला. तो फौंड्रीत ओतकामाला, तिशीचा, शांत. अक्का मात्र यायला तयारच नव्हत्या. चंद्राला शेजारणीच्या हवाली करून, दहा सूचना देऊन, जीप सुरू झाल्यावर पुन्हा खाली उतरून एकदा तिला बघून आल्या.

रस्ता सुंदर आहे. दोन्ही बाजूंना ऊस, वाऱ्यावर पांढरे तुरे, मधूनच कारखान्याची चिमणी आणि मळीचा आंबूस वास. अक्कांचं त्याकडे लक्ष नव्हतं. प्रत्येक वळणावर त्या मागे बघत होत्या.

जागा वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. नवे पत्रे, सिमेंटची जमीन, तारेचं कुंपण. फक्त हौदाला पाणी जोडलेलं नव्हतं आणि जवळपास माणूस नव्हता.

"बघा अक्का," धनाजीराव म्हणाले, "म्हशींनाबी फ्लॅट मिळाला की!"

"आन मी ऱ्हायाचं कुठं?"

"गल्लीतच! लिफ्ट हाय, गॅस हाय, समदं हाय."

"म्हंजे मी तितं, म्हशी हितं. सकाळचं दूध काढाय मी काय उडत येऊ? आन कोपऱ्यावरची गिऱ्हाइकं हितं येत्यात व्हय पेला घिऊन?"

"आई, किती दिस शेण काढणार हाईस?" प्रकाश पहिल्यांदाच बोलला. "दोन ठिकाणी पोरगी बघाय गेलतो. दोन्हीकडं इचारलं, गोठा दारात हाय का? हाय म्हटलं की चहा पिऊन वाटंला लावलं. मी काय जलमभर असाच ऱ्हाऊ?"

 अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तुजं बी खरंच हाय रं. पण म्हशी गेल्यावर मी त्या लिफ्टात बसून करू काय, ते तरी सांग."

 त्या दोघांपैकी कुणाचं चूक होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

परतताना धनाजीरावांनी एका खानावळीत उतरवलं. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, तांबडा जाळासारखा, आणि वाढणाऱ्याचा आग्रह असा की नको म्हणणं म्हणजे भांडण. मी जेवले. अक्कांनी ताटाला हात लावला नाही. "चंद्राचं काय झालं आसंल," एवढंच.

झालं ते झालंच होतं. गल्लीत शिरताना शेजारीण समोर धावत आली. चंद्रा व्याली होती, रेडी झाली होती. पण व्यायच्या वेळी रेडीचा पाय अडकला होता, आणि शेजारणीने हाक मारताच तालमीतले दोन पैलवान अंगाची माती न पुसता धावत आले म्हणून दोघी वाचल्या. अक्का गोठ्याकडे धावल्या. ओल्या रेडीचं तोंड पदराने पुसत त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस न्हवं? कागलात आसती तर?"

  संध्याकाळी मी मॉडेल उघडलं आणि तळमजल्यावर मागच्या अंगाला गोठा घातला. प्रकाशच्या दारात नाही, पण अक्कांच्या हाकेच्या अंतरावर. म्हशींना चढायला उतार, पाण्याचा हौद, मूत वाहून जायला गटार आणि शेण थेट बायोगॅसच्या टाकीत. कोपऱ्यावर दूध काढायला ओटा. प्रत्येक म्हशीला मॉडेलमध्ये वस्तू म्हणून उभं केलं, वजन आणि रोजचं शेण घातलं, आणि अक्कांना विचारून नावंही: चंद्रा, मैना, काजळी, सरदारीण. "रेडीबी घाल," अक्का म्हणाल्या, म्हणून तीही घातली. जागा कुठून काढायची हा प्रश्न होता. शोभेच्या लॉनमधून काढली.

इतक्या मनापासून काम करावंसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मॉडेल हे असंच वापरायचं असतं. ज्या गल्लीचं जे खरं आहे ते त्यात यावं आणि त्यातूनच ती टिकावी.

सरांना फोन केला. मी भांडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "वा! टाक, टाक. शेणाचा पत्ता नाही म्हणून तपासणीवाले बायोगॅसचे गुण कापणारच होते. वाचवलंस." इतक्या सहज होकार आला की तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी खूश होते.

तालीम

दोन दिवसांनी गल्लीची सभा तालमीच्या वरच्या सभागृहात झाली. भिंतींवर जुन्या पैलवानांचे फोटो, खालून शड्डूंचे आवाज, आणि समोर आमचा पांढरा पडदा. सर पुण्याहून गाडीने आले होते. त्यांनी मॉडेलमधून फेरफटका मारणारी चित्रफीत लावली: इमारत, छत, झाडं, मग कॅमेरा वळून मागच्या अंगाला. गोठा दिसला. चंद्रा दिसली, शेजारी रेडी. सभागृहात शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "अक्का, तुमची म्हस पिक्चरात!"

अक्का उठून पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"हौद जरा बारका वाटतोय," त्या म्हणाल्या.

"मोठा करू," सर म्हणाले. "अक्का, हरित गल्लीचा हा गोठा देशात पहिला असेल."

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, अशी आपल्याकडे म्हण आहे. न बघितलेल्या मालाचा सौदा करू नये म्हणून ती सांगतात. अक्कांनी तर म्हैस बघितली होती, गोठाही बघितला होता, मग आणखी काय बघायचं? त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तू केलंयस न्हवं हे? तू सांग. ह्यो गोठा हुणार?"

"मॉडेलमध्ये आहे म्हणजे होणार," मी म्हणाले.

"मग करतो सही." आणि केली. प्रकाशने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं.

निघताना अक्कांनी माझ्या हातात स्टीलचा डबा ठेवला. चंद्राच्या चिकाचा खरवस, गूळ-वेलदोडे घालून. "पोटाला बाधणार न्हाय ह्यो," त्या हसून म्हणाल्या. "डबा काय लगेच पाठवू नगंस. सवडीनं आण, स्वतः ये." बसमध्ये मी झाकण उघडलं आणि कराडपर्यंत अर्धा डबा संपवला.

पुण्यात

बांधकामाला जायचे नकाशे महिनाभराने माझ्या टेबलावर आले. तळमजल्यावर, मागच्या अंगाला, गोठ्याच्या जागी इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं पार्किंग होतं.

मी नकाशा घेऊन सरांकडे गेले. "गोठा काढला कुणी?"

"काढला कुठे?" ते शांतपणे म्हणाले. "मॉडेलमध्ये आहेच की. या नकाशावर फक्त दिसायचा बंद केलाय. पार्किंगचेही गुण आहेत गं, आणि फ्लॅट घेणाऱ्यांना खाली गोठा नको असतो. तुला काय कळत नाही का?"

जागेवर येऊन मी मॉडेल उघडलं. खरंच होतं. लपवलेल्या वस्तूंच्या थरात गोठा जसाच्या तसा, हौद मोठा केलेला, चंद्रा, मैना, काजळी, सरदारीण आणि रेडी उभ्या. त्यांचं रोजचं शेण हिशेबात मोजलं जात होतं, त्यावर गॅस तयार होत होता, त्या गॅसवर चुली पेटत होत्या आणि त्याचे पूर्ण गुण पडत होते. त्याच जागेवर गाड्याही चार्ज होत होत्या. दोन वस्तू एका जागी आल्या की मॉडेल ओरडतं, पण लपवलेल्या वस्तूसाठी ते ओरडत नाही. हा डाव मला शिकवायची गरज नव्हती. ही सोय मी स्वतःच नव्या मुलांना शिकवत आले आहे, फक्त ती अशी वापरतील असं वाटलं नव्हतं.

मी गप्प बसले नाही. गुण देणाऱ्या तपासणीवाल्यांना कळवलं. उत्तर आलं की मॉडेल तपासलं, त्यात गोठा आहे, तक्रारीत तथ्य नाही. हरित गल्लीला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. ऑफिसात केक कापला, आणि सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, की कोल्हापुरातल्या गोठ्याची कल्पना हिची. टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्यांची किळस आली. अजून येते.

अक्कांना सांगायचं होतं. दोन-तीनदा फोन हातात घेऊन ठेवला. शेवटी केला. मागे पत्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"बोल बाई. कधी येतीस? रेडी लई दांडगी झालीया."

मी एका दमात सगळं सांगितलं. गोठा नकाशात नाही, होणार नाही, मी भांडले, हरले. 

"मग मी सही कशावर केली?" अक्कांनी विचारलं.

"त्या गोठ्यावर."

"जो न्हाईच."

"प्रकाशला घेऊन धनाजीरावांकडे जा, अक्का. सही मागे घेतली म्हणून सांगा. मी लिहून देते, मी येऊन सांगते."

"आता काय मागं घिऊ? पत्रे काढाय लागलेत. म्हशी परवाच गेल्या कागलला, नवा गोठा हुईस्तवर म्हणून."  "कोपऱ्यावर अजून मान्सं येऊन उभी ऱ्हात्यात सांजंला. मग जात्यात."

माझ्यासमोर त्यांचा डबा होता, घासूनपुसून ठेवलेला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी लाडू करून न्यायचे ठरवले होते.

"अक्का, तुमचा डबा माझ्याकडेच आहे," मी म्हणाले. "मी घेऊन येते."

"येऊ नगंस. कुणाच्या तरी हातानं दे पाठवून," त्या म्हणाल्या. "आन रिकामाच पाठव."